त्याच प्रमेयाला दुसरा नंबर का?

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना ते पटणार नाही त्यांना भांडायला सोपं जाईल. गणिताच्या पुस्तकात, प्रबंधात किंवा लेखात एखादं प्रमेय एकदा सांगून झालं आणि पुढे ते पुन्हा सांगायची वेळ आली, तर ते त्याच शब्दांत आणि त्याच नंबराने आलं पाहिजे. पान ६ वर ते ‘प्रमेय २’ असेल, तर पान ४१ वरही ते ‘प्रमेय २’च. तिथे त्याला ‘प्रमेय ११’ म्हणणं म्हणजे एकाच माणसाच्या नावावर दोन रेशनकार्डं काढणं.

हे सांगणारा मी गणिताचा शिक्षक नाही. बी.एड.ला माझ्या दोन्ही अध्यापन पद्धती भाषेच्या होत्या आणि शाळेत मी उर्दू-मराठी शिकवतो. पण ज्याला दोन्ही लिप्यांत टाइप करता येतं, त्याच्याकडे गावातली सगळी अक्षरजुळणी आपोआप चालत येते. लग्नपत्रिका, मदरशाच्या जलशाची हँडबिलं, पतसंस्थेचा अहवाल, आणि गेली काही वर्षं गणित. त्या गणिताने मला जेवढं भाषेबद्दल शिकवलं, तेवढं व्याकरणाच्या पुस्तकांनी शिकवलं नाही.

प्रमेय पुन्हा सांगायची वेळ येते कशी? दोन-तीन वाटांनी येते. प्रबंध लिहिणारा पहिल्याच प्रकरणात सांगतो की, मी ही-ही तीन प्रमेयं सिद्ध केली आहेत. सिद्धता मात्र चौथ्या प्रकरणात असते. मधे साठ पानं गेलेली असतात. तिथे पोचलेल्या वाचकाला प्रमेय नेमकं काय होतं ते आठवत नाही, म्हणून ते पुन्हा लिहावं लागतं. दुसरी वाट परिशिष्टाची. संगणकशास्त्राच्या परिषदांना लेख पाठवताना पानांची मर्यादा असते. मग लेखक मुख्य भागात फक्त विधान ठेवतात आणि लांबलचक सिद्धता मागच्या परिशिष्टात ढकलतात. तिथे विधान पुन्हा दिलं नाही, तर वाचकाचं एक बोट पुढच्या पानात आणि एक मागच्या पानात. मोबाइलवर वाचणाऱ्याला तर तेही करता येत नाही, तो नुसता वरखाली सरकत बसतो.

आता गोम कुठे आहे ते पाहा. गणिताचे लोक बहुतेक लाटेकमध्ये लिहितात. डोनाल्ड नुथ यांनी १९७७ मध्ये आपल्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं पाहून वैतागून टेक ही अक्षरजुळणीची व्यवस्था बनवायला घेतली. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर लाटेक उभं केलं. त्यात प्रमेयाला नंबर आपण द्यायचा नसतो, यंत्र देतं. ही मोठीच सोय आहे. मधे एखादं प्रमेय घातलं की पुढचे सगळे नंबर आपोआप एकाने सरकतात. पण हे यंत्र सरकारी दवाखान्यात टोकन वाटणाऱ्या माणसासारखं आहे. तोंड बघत नाही. तोच माणूस दुसऱ्यांदा रांगेत आला, तर त्याला दुसरं टोकन देतो. पहिल्या प्रकरणातलं प्रमेय कॉपी करून चौथ्यात चिकटवलं, की यंत्राच्या दृष्टीने ते नवं प्रमेय.

माझ्या भाचीच्या प्रबंधात हेच झालं होतं. पहिल्या प्रकरणात ‘प्रमेय १.२’, चौथ्या प्रकरणात ‘प्रमेय ४.७’, आणि दोन्ही एकच. एवढ्यावर भागलं असतं, तर मी हा लेख लिहिला नसता. पण मधल्या सहा महिन्यांत तिच्या लक्षात आलं होतं की, हे विधान शिरोबिंदू तीनपेक्षा कमी असतील तर टिकत नाही. तिने ४.७ मध्ये ‘किमान तीन शिरोबिंदू’ ही अट घातली. १.२ मध्ये घालायची राहिली. तपासणाऱ्याने शेरा मारला: १.२ हे प्रमेय खोटं आहे आणि त्याची सिद्धताही कुठे दिसत नाही. भाची म्हणाली, “मामू, सिद्धता तर ४.७ खाली दिलीय ना!” दिली होती. पण ४.७ म्हणजेच १.२ हे त्या बिचाऱ्याला कोणी सांगितलं होतं? त्याने नंबरावर भरवसा ठेवला. दोन नंबर म्हणजे दोन प्रमेयं, असं समजून तो चालला, आणि कोणीही शहाणा वाचक तसंच चालेल.

यात दोन वेगळी दुखणी आहेत. लोक त्यांची सरमिसळ करतात. एक नंबराचं: एकाच गोष्टीला दोन नावं. दुसरं मजकुराचं: एकाच गोष्टीच्या दोन प्रती, आणि एक दुरुस्त केली की दुसरी जुनी राहते. नंबर हाताने ‘१.२’ असा टाइप करून पहिलं दुखणं झाकता येतं. आमच्याकडे बरेच जण तेच करतात. पण त्याने दुसरं दुखणं वाढतं. कारण आता दोन वेगवेगळी विधानं एकाच नंबराखाली उभी आहेत आणि वाचकाला संशय यायलाही जागा उरली नाही. शिवाय उद्या आधी एखादं प्रमेय वाढलं, तर हाताने टाइप केलेला आकडा जागचा हलत नाही. खरं १.२ तोवर १.३ होऊन बसलेलं असतं.

म्हणून उपाय असा हवा की, विधान एकाच जागी लिहिलेलं असावं आणि दुसरीकडे ते तिथूनच उचलून आणावं. लाटेकमध्ये तशी सोय आहे. थमटूल्स नावाच्या संचात थम-रिस्टेट नावाचं पॅकेज येतं. पहिल्यांदा प्रमेय लिहिताना ते नेहमीच्या चौकटीऐवजी ‘रिस्टेटेबल’ नावाच्या चौकटीत लिहायचं आणि त्याला एक हाकेचं नाव द्यायचं. हे नाव साधं, रोमन अक्षरांतलं, त्यात आकडा चालत नाही. पुढे जिथे प्रमेय पुन्हा हवं तिथे उलटी तिरकी रेघ, ते नाव, आणि त्याला लागून एक तारा. बस. अख्खं विधान तिथे उमटतं, जुन्या नंबरासह. तो तारा महत्त्वाचा. ‘नवं टोकन देऊ नकोस, हा आधीचाच माणूस आहे’ असं तो यंत्राला सांगतो. विधानाच्या आत नंबर घातलेलं समीकरण असेल तर तेही आपल्या जुन्या नंबराने येतं, ही आणखी एक मेहेरबानी. फाइल दोनदा चालवायला मात्र विसरू नका. पहिल्या फेरीत यंत्र नंबर टिपून ठेवतं आणि दुसऱ्या फेरीत ते जागेवर बसवतं. एकदाच चालवून ‘नंबराच्या जागी प्रश्नचिन्हं आली’ असा फोन करणारे मला महिन्यातून दोन तरी भेटतात.

ज्यांना सिद्धता परिशिष्टातच टाकायच्या आहेत त्यांच्यासाठी अ‍ॅपएक्सप्रूफ नावाचं पॅकेज आहे. ते सिद्धता मागे नेतं आणि सांगितलं तर विधानही तिथे पुन्हा छापतं. आणि लाटेकला हात न लावणाऱ्यांनीही निराश व्हायचं कारण नाही. वर्डमध्ये विधान निवडून त्याला बुकमार्क लावायचा आणि पुढे टाइप करण्याऐवजी त्या बुकमार्कचा क्रॉस-रेफरन्स घालायचा. छापायला देण्याआधी सगळं निवडून एफ-नाइन दाबलं की प्रती ताज्या होतात. एवढं काम तर कोणताही कारकून करू शकतो.

याला हरकती घेतल्या जातात. पहिली कागदाची. विधान पुन्हा छापण्याऐवजी ‘प्रमेय २ ची सिद्धता’ एवढा मथळा पुरे, असं म्हणणारे आहेत. विधान दोन ओळींचं असेल आणि मागच्याच पानावर असेल, तर मलाही ते मान्य आहे. तिथे पुन्हा छापणं म्हणजे नुसता भरणा. पण पाच अटींचं प्रमेय चाळीस पानांमागे असेल, तर वाचवलेला कागद वाचकाच्या वेळेतून वसूल होतो.

दुसरी हरकत जास्त मजेशीर आहे. ती भाषावाल्यांची आहे, म्हणजे माझ्याच जातकुळीची. तीच गोष्ट त्याच शब्दांत पुन्हा सांगणं हे गद्याचं दारिद्र्य नाही का? निबंध शिकवताना आपणच मुलांना सांगतो की शब्द बदला, वाक्य फिरवा. खरं आहे. पण प्रमेय हा निबंध नव्हे. तो खरेदीखतासारखा असतो. खरेदीखतात ‘सदरहू मिळकत’ दहा वेळा आली तरी कोणी तिला ‘उपरोक्त वास्तू’ करून भाषा सजवत नाही. केली तर वकील विचारेल, ही दुसरी मिळकत आहे का? दुसऱ्यांदा सांगताना विधान खरोखरच बदलायचं असेल, अट सैल करायची असेल किंवा निष्कर्ष बळकट करायचा असेल, तर खुशाल नवा नंबर द्या आणि जुन्याशी नातं काय ते एका ओळीत लिहा. चोरपावलांनी सुधारणा मात्र नको.

हदीसच्या किताबांत हा दस्तूर फार नीट पाळलेला आहे. सहीह बुखारीत एकच हदीस अनेक प्रकरणांत पुन्हा येते, कारण इमाम बुखारींना तिच्यातून प्रत्येक ठिकाणी वेगळा मुद्दा काढायचा असतो. पण बहुतेक वेळा सांगणाऱ्यांची साखळी किंवा शब्द थोडे वेगळे असतात. विसाव्या शतकात मुहम्मद फुआद अब्दुल बाकी यांनी जे नंबर दिले त्यात अशा प्रत्येक ठिकाणाला स्वतंत्र नंबर आहे. म्हणून एकूण आकडा ७५६३ पर्यंत जातो. पण त्यांनी सोबत खुणाही दिल्या. नीयतीची मशहूर हदीस पहिल्या नंबरावर आहे, आणि तिथेच लिहिलेलं असतं की हीच पुढे ५४, २५२९, ३८९८, ५०७०, ६६८९ आणि ६९५३ वर आली आहे. वेगळेपण असेल तर नंबर वेगळा, पण नातं उघड. गणितात वेगळेपण नसताना नंबर वेगळा देतात आणि नातं झाकून ठेवतात, ही माझी तक्रार आहे.

नंबरांची ही चिंता जुनी आहे. युक्लिडच्या भूमितीचे अरबीत दोन नामांकित तर्जुमे झाले. एक हज्जाज बिन यूसुफ बिन मतर यांचा, दुसरा इसहाक बिन हुनैन यांचा, जो साबित बिन कुर्रा यांनी तपासून दुरुस्त केला. दोन्हींत प्रमेयांची संख्या सारखी नव्हती. हज्जाजच्या प्रतीत ४६८ आणि साबितच्या प्रतीत आणखी १०. काही ठिकाणी क्रमही वेगळा. १२४८ मध्ये नसीरुद्दीन तूसी यांनी युक्लिडची आपली आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा त्यांच्यापुढे प्रश्न होता की नंबर कोणाचे घ्यायचे. त्यांनी तिसरीच नवी क्रमवारी लावून गोंधळ वाढवला नाही. प्रस्तावनेत ते सांगतात की, जिथे फरक आहे तिथे एका प्रतीचे नंबर तांबड्या शाईने आणि दुसऱ्या प्रतीचे काळ्या शाईने लिहिले आहेत. म्हणजे तुमच्या उस्तादाने कोणतीही प्रत पढवली असो, तुम्हाला तुमचा नंबर तूसींच्या पानावर सापडणार. साडेसातशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला वाचकाच्या बोटाची किती काळजी होती! पुढे जयपूरच्या सवाई जयसिंगांसाठी जगन्नाथ सम्राट यांनी याच तूसींच्या ग्रंथावरून संस्कृतात ‘रेखागणित’ रचलं. त्यात ४७८ प्रमेयं आहेत, म्हणजे हिशेब साबितच्या प्रतीशी जुळतो. तो ग्रंथ १९०१-०२ मध्ये आपल्या मुंबईत छापला गेला. ग्रीक, अरबी, संस्कृत, मुंबईचा छापखाना, एवढा प्रवास करूनही नंबरांचा हिशेब जुळतो ही मला चमत्काराहून मोठी गोष्ट वाटते.

आजच्या काळातली याच जातीची करामत म्हणजे स्टॅक्स प्रोजेक्ट. बीजभौमितीचा हा ग्रंथ इंटरनेटवर अनेक जण मिळून लिहितात. तो सात हजार पानांच्या पुढे गेला आहे आणि रोज बदलतो, त्यामुळे त्यातले नंबरही सरकत राहतात. मग आज कोणी त्यातल्या एखाद्या प्रमेयाचा हवाला दिला, तर पाच वर्षांनी ते कुठे शोधायचं? त्यांनी प्रत्येक विधानाला चार अक्षर-आकड्यांची एक चिठ्ठी लावली आहे. नंबर बदलो, प्रकरण बदलो, ती चिठ्ठी बदलत नाही. हवाला चिठ्ठीचाच द्यायचा, असं ते स्वतः सांगतात.

आता माझ्या घरच्या कामाकडे येतो, कारण माझा जीव त्यात अडकलेला आहे. आमच्या शाळेत मराठी आणि उर्दू अशा दोन तुकड्या आहेत. दहावीच्या भूमितीची जादा शिकवणी मात्र संध्याकाळी दोघांची एकत्र होते, कारण गणिताचे सर एकच. त्यांच्यासाठी मी चौसष्ट पानांची एक पुस्तिका जुळवली. डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर उर्दू, एकूण २४ प्रमेयं. सुरुवातीला सगळ्या विधानांची यादी, मधे एकेक विधान आणि त्याची सिद्धता, आणि शेवटी उजळणीत विधानं पुन्हा. म्हणजे प्रत्येक प्रमेय तीनदा, दोन भाषांत, सहा ठिकाणी. हाताने हे सांभाळायचं म्हटलं असतं तर वेड लागलं असतं. झीटेकमुळे दोन्ही लिप्या एका फाइलीत राहतात आणि विधानं एकाच जागी लिहून सगळीकडे बोलावली जातात. पहिल्या यादीत आंतरलिखित कोनाचं प्रमेय १४ वं असेल, तर पन्नासाव्या पानावरही ते १४ वंच.

इथे एक बारीक गंमत सांगायलाच हवी. आधी सरांचा आग्रह होता की नंबर प्रकरणासकट द्यावा, ‘२-३’ असा. उर्दूत ते अवघड आहे. युनिकोडच्या नियमाप्रमाणे उर्दू अक्षरांनंतर दोन आकडे आले आणि त्यांच्यामधे टिंब असेल, तर ते डावीकडून उजवीकडे तसेच राहतात. पण मधे आडवी रेघ असेल तर ते जागा बदलतात. म्हणजे मराठी पानावर ‘२-३’ आणि समोरच्या उर्दू पानावर तेच ‘३-२’ दिसणार! उजवीकडून वाचणाऱ्याला ते बरोबरच वाटेल, पण शेजारच्या बाकावरच्या मराठी मुलीला ते तिसऱ्या प्रकरणातलं दुसरं प्रमेय वाटेल. म्हणून मी प्रकरणं सोडली आणि १ ते २४ अशी एकच सरळ मोजणी ठेवली. आकडेही दोन्हीकडे आंतरराष्ट्रीय, एसटीच्या पाटीवर असतात तेच, कारण उर्दूतला सात मराठी पोरांना इंग्रजी व्ही वाटतो.

याचा परिणाम मी संध्याकाळच्या वर्गात बघतो. मराठीत ज्याला प्रमेय म्हणतात त्याला उर्दूत मसअला म्हणतात. घरच्या बोलीत मसला म्हणजे अडचण, त्यामुळे वर्गात त्यावर हशा होतोच. कोन आणि ज़ाविया, वर्तुळ आणि दायरा, स्पर्शिका आणि मुमास. शब्द वेगळे, पण मुलं एकमेकांना आकड्यांनी हाक मारतात. “चौदा नंबर लाव ना इथे.” “चौदा नाही रे, अठरा.” भांडण रंगात येतं आणि दोघांनाही कळत असतं की भांडण कशावर आहे. त्या चौदाला कुठल्याही एका पानावर एकवीस केलं असतं, तर हे बोलणं तिथेच तुटलं असतं.

सध्या पुस्तिकेच्या नव्या आवृत्तीचं काम चालू आहे. सरांचं म्हणणं आहे की १७ वं प्रमेय स्वतंत्र ठेवण्याच्या लायकीचं नाही, ते १६ व्याचं उपप्रमेय आहे. त्यांचं बरोबर आहे. मग ते म्हणाले, १८ चं १७ करा आणि पुढचे सगळे एकेकाने वर घ्या. यंत्र ते क्षणात करेल, पण मी नाही म्हणालो. मोठ्या भावाची जुनी पुस्तिका घेऊन धाकटी बहीण वर्गात बसते, आमच्याकडे असंच चालतं. तिच्या पुस्तिकेतलं १८ तिच्या मैत्रिणीच्या पुस्तिकेतही १८ च राहिलं पाहिजे. तेव्हा नव्या आवृत्तीत १६ नंतर थेट १८ येणार आहे, आणि मधे एक ओळ: ‘आधीचं प्रमेय १७ आता १६ च्या उपप्रमेयात पाहा.’ छापखान्यातून फोन येणारच की मधलं काही गळलंय का. म्हणून प्रुफाच्या त्या पानावर मी तांबड्या पेनाने आधीच लिहून ठेवलंय: गळलेलं नाही, असंच छापा.